वाळूतली रिंगची विहीर: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर

आधी निकाल सांगतो. समुद्राकाठच्या निव्वळ वाळूत पिण्याच्या पाण्याची विहीर हवी असेल, तर सिमेंटच्या रिंगा एकावर एक बसवत खाली उतरवलेली विहीर हाच अजून सगळ्यात शहाणा मार्ग आहे. पण दुकानापुढे मांडलेल्या रिंगा जशाच्या तशा टेंपोत घालून आणल्या तर नाही. सगळी करामत तळच्या पाच रिंगांत आणि सांध्यांत असते. वरच्या दहा कुणीही करील.

आमची जागा मालवणच्या दक्षिणेला, देवबागच्या पट्टीत. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, मध्ये माड, घरे आणि पाहुण्यांच्या खोल्या. कुठेही फावडे मारा, वाळूच लागते. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, जांभ्या दगडात विहीर उभी कापली तरी कड उभी राहते. इथे कोरडी वाळू साधारण तेहतीस अंशांच्या उतारावर येऊनच थांबते. म्हणजे १५ फूट खोल उघडा खड्डा घ्यायचा तर वरचे तोंड ४५ फुटांहून जास्त रुंद होणार. तेवढ्यात आमचे अर्धे माड आणि शेजाऱ्यांचा गडगा गेला असता. शिवाय अशा खड्ड्यात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ, कारण ढासळणारी वाळू आधी सांगून येत नाही. रिंगेत मात्र माणूस पहिल्या फुटापासून भिंतीच्या आत असतो. आतली वाळू काढायची, रिंग स्वतःच्या वजनाने खाली सरकते, वर पुढची ठेवायची.

मापे अशी ठरवली: आतला व्यास १.२ मीटर, भिंत साडेसात सेंमी, उंची एक फूट. बाजारात दीड फुटी रिंगही मिळते आणि सांधे कमी होतात म्हणून बरेच जण तीच घेतात. हिशेब मात्र करून बघा. एक फुटी रिंग साधारण २१५ किलो भरते, दीड फुटी सव्वातीनशेच्या आसपास. पहिली चार माणसे, तीन वासे आणि एक चेन पुली यांवर निभावते. दुसरीला क्रेन लागते, आणि आमच्या पाणंदीतून क्रेन काय, मोठा टेंपोसुद्धा येत नाही. रिंगा अंगणातच ओतल्या. १:२:४ चा माल (सिमेंट, वाळू, खडी), आडव्या ६ मिमीच्या तीन सळ्या, एका रिंगेला अर्ध्या गोणीहून थोडे जास्त सिमेंट. दाराशी समुद्राची वाळू फुकट पडलेली असताना नदीची विकत आणली, कारण खारट वाळूने आतली सळी गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट फुटते. पाणीही गोडेच मारले. ओतणे मार्चअखेरीस उरकले, उतरवणे ठेवले मेमध्ये. पाणी सर्वांत खाली गेलेले असते तेव्हाच विहीर खणायची, हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे.

आता सांधे. तयार रिंगांची तोंडे सपाट असतात. सपाटावर सपाट ठेवले की उतरताना एखादी रिंग बोटभर बाजूला सरकतेच, आणि त्या फटीतून आयुष्यभर वाळू येत राहते. तयार नग बघायला एका ठिकाणी गेलो होतो. तिथे एकावर एक ठेवलेल्या दोन रिंगांमधून पलीकडचा माणूस दिसत होता. आम्ही साच्याच्या खालच्या आणि वरच्या कडेला पट्टी बसवून खाचेच्या रिंगा केल्या: खालच्या रिंगेच्या माथ्यावर उंचवटा, वरचीच्या बुडाला तशीच खाच. साचा करायला वेल्डरने दोनदा तोंड वाकडे केले, पण या विहिरीवरच्या सगळ्या खर्चात हाच पैसा सर्वांत चांगला लागला असे माझे मत आहे.

सर्वांत खालची रिंग वेगळी. तिचे बूड आतून तासून धारेवर आणलेले, म्हणजे ती वाळू कापत जाते, आणि बाहेरून ती इतरांपेक्षा चहूबाजूंनी अडीच सेंमी जास्त. ती जाईल तिथे मागून येणाऱ्या रिंगांभोवती पोकळी राहते. घर्षण कमी होते, हा एक फायदा. दुसरा त्याहून मोठा: त्या पोकळीत वरून ६ मिमीची बारीक खडी सोडत राहायची, ती रिंगांबरोबर खाली जाते आणि विहिरीभोवती आपोआप गाळणी तयार होते.

त्या धारेच्या रिंगेवरच्या चार रिंगा पाझरत्या. त्यांत वाळू अजिबात नाही. एक भाग सिमेंट, चार भाग १० मिमी खडी, आणि पाणी इतकेच की प्रत्येक खड्यावर लेप चकाकावा पण ओघळू नये. वाळल्यावर चिक्कीसारखी दिसते, पाणी ओतले तर आरपार जाते. नेहमीच्या पद्धतीत साध्या रिंगेला भोके पाडतात. भोकातून पाणी एकाच ठिकाणाहून जोराने येते आणि जोराचे पाणी वाळू ओढते. पाझरत्या भिंतीत तेच पाणी सगळ्या अंगाने हळू येते. दोन गोष्टी संभाळाव्या लागतात. या रिंगा कडेला ठिसूळ असतात, म्हणून वरची-खालची दोन-दोन इंची पट्टी साध्या मालाचीच ओतायची. आणि सळ्या आधी सिमेंटच्या लगद्यात बुडवून घ्यायच्या, नाहीतर एवढ्या पोकळ मालात त्या उघड्याच पडतात.

एकूण पंधरा रिंगा, साडेचार मीटर. पहिल्या आठ सहज गेल्या. तेव्हा ओळंबा सोडायचा कंटाळा येतो आणि नेमका तेव्हाच सोडायचा असतो, कारण वाकडेपणा वर असतानाच सुधारतो. जी बाजू वर राहिली तिच्याखालची वाळू आधी काढायची, बस. पाणी लागल्यावर चाल मंदावली. यामागे साधा हिशेब आहे. पाण्यात बुडालेली रिंग आपल्या आकाराइतक्या पाण्याचे वजन गमावते, म्हणजे २१५ किलोची रिंग पाण्याखाली सव्वाशेचीच उरते, आणि बाहेरच्या वाळूची पकड मात्र प्रत्येक रिंगेगणिक वाढत असते. माथ्यावर वाळूच्या गोण्या रचल्या तेव्हा पुन्हा सरकली.

याच टप्प्यावर घाईची माणसे विहीर बिघडवतात. आतले पाणी पंपाने झटकन उपसले की बाहेरचे पाणी उंच आणि आतले खाली असा फरक पडतो. तो जोर तळातून वर येतो आणि वाळू उकळल्यासारखी उसळते. जेवढी काढाल तेवढी बाहेरून आत येते, आणि रिंगांच्या बाहेर मोठी पोकळी होऊन वरची जमीन बसते. आमचे गवंडीकाका तेवढ्यासाठी पंप बंद करून विडी पेटवायचे. "घाई करू नको रे, वाळू बसांदे आधी." शेवटचा मीटरभर पाणी फारसे न उपसता, लांब दांड्याच्या झाऱ्याने वाळू काढली. वेळखाऊ, पण तळ शांत राहिला. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप विहिरीत उतरवून चालवू नका, हे इथे ठळकपणे सांगतो. त्याच्या धुराने आतली माणसे गुदमरून मरतात. विजेचा पंपही ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच, बसवूनच.

तळाला तीन थर: खाली जाडी वाळू, मग ६ मिमी खडी, वर २० मिमी, प्रत्येकी १० सेंमी. उलटे टाकले तर उपयोग शून्य. तिन्ही मिळून बरोबर धारेच्या रिंगेइतकी उंची होते, म्हणजे उन्हाळ्यात पाझरत्या रिंगांसमोर पाणीच राहते. पाण्याच्या पातळीच्या वरचे सगळे सांधे सिमेंटने भरले. माथ्याचा मीटरभर भाग बाहेरून चिकणमाती ठोकून बंद केला, वर चार फूट रुंद उताराचा ओटा, कठडा आणि झाकण.

आता वापर.

पहिले काही दिवस पाणी चुन्यासारखे लागले आणि हाताला बुळबुळीत वाटले. नव्या सिमेंटचा तो गुण; दोन-चार वेळा पूर्ण उपसल्यावर गेला. जून-जुलैत इथे पाणी जमिनीच्या अगदी जवळ येते. त्या काळात बाजूच्या भोकाच्या विहिरीचे पाणी प्रत्येक मोठ्या सरीनंतर गढूळ व्हायचे, आमचे नाही. एकदाही नाही. याचे श्रेय मी वरच्या चिकणमातीला आणि ओट्याला देतो, पाझरत्या रिंगांना नव्हे; गढूळ पाणी वरून उतरते, खालून येत नाही.

वाळूबद्दल: सुरुवातीला बादलीच्या बुडाशी चिमूटभर यायची, गणपतीपर्यंत बंद झाली. आसपासचे बारीक कण निघून जाऊन जाडे कण भिंतीशी बसले की असे होते. पंपाच्या पाण्यातल्या नळीच्या टोकाची झडप, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, उन्हाळ्यात उघडून पाहिली, आत रेघसुद्धा ओढली गेली नव्हती.

खारटपणाचा प्रश्न मात्र रिंगांनी सुटत नाही, तो वापराने सुटतो. वाळूच्या पट्टीत पावसाचे गोडे पाणी समुद्राच्या जड पाण्यावर तरंगत असते. शास्त्राच्या पुस्तकात याला गायबेन-हर्झबर्ग यांचा नियम म्हणतात: समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी १ मीटर असेल, तर खाली साधारण ४० मीटर. ऐकायला चैन वाटते, पण हा नियम उलटाही चालतो. जास्त उपसून पातळी कायमची १० सेंमी खाली बसवलीत, तर खालचे खारे पाणी ४ मीटर वर चढू शकते. प्रत्यक्षात मध्ये मिसळलेल्या पाण्याचा पट्टाही असतो, म्हणजे त्रास त्याच्याही आधी सुरू होतो. म्हणून इथे बोअर खोल नेणारा माणूस पैसे देऊन मीठ विकत घेतो. आमची विहीर मुद्दाम उथळ आहे. मेमध्ये तळाच्या गाळणीवर सुमारे १.२ मीटर पाणी उरते, म्हणजे साधारण १,३५० लिटर.

पंप अर्ध्या एचपीचा. दुकानदार एक एचपी गळ्यात मारत होता, घेतला नाही. एका वेळी पाचशे लिटर टाकीत चढवायचे आणि थांबायचे. श्रावणात तासाभरात पातळी परत येते, मेअखेरीस दोन तास लागतात. टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, पावसाळ्यात दोनशेच्या आत, मेमध्ये सव्वाचारशेच्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, ५०० ही इष्ट मर्यादा आहे, म्हणजे काठावर का होईना, आत आहोत. मेच्या सुट्टीत खोल्या भरलेल्या असताना मीटर रोज बघतो. आकडा चढू लागला की पाहुण्यांच्या अंघोळीचे पाणी टँकरचे. काहींना आवडत नाही. असो.

तक्रारी आहेत. पहिली, या आकाराच्या विहिरीत साफसफाईला माणूस उतरतो, पण वाकून काम करताना त्याची कोपरे भिंतीला घासतात, १.५ मीटर व्यास घेतला असता तर सुख होते, पण मग रिंगेचे वजन आणि साच्याचा खर्च दोन्ही वाढतात. दुसरी, पाझरत्या रिंगांवर आतून शेवाळाचा पातळ थर धरतो. तो उन्हाळ्यात ब्रशने घासावा लागतो, नाहीतर छिद्रे बुजत जातील. झाकण घट्ट ठेवल्यापासून, उजेड कमी झाल्याने, प्रमाण घटले आहे.

तिसरी गोष्ट विहिरीची नाही, वस्तीची. शोषखड्डा आणि विहीर यांत किमान १५ मीटर अंतर ठेवा असे सांगतात. आमचा शोषखड्डा तेवढा दूर आहे. पण शेजाऱ्याचा? प्लॉट लहान, घरे वाढलेली, प्रत्येकाची विहीर दुसऱ्याच्या शोषखड्ड्याच्या बाजूला. वाळू जंतू बऱ्यापैकी गाळते, नायट्रेट गाळत नाही. म्हणून पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात पाणी प्रयोगशाळेत देतो. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही नको. जंतू मारायला दर हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, संध्याकाळी कालवून, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडायचे आणि सकाळपर्यंत पंप लावायचा नाही. पावडरीचा डबा उघडा राहिला की तिचा जोर जातो, तेव्हा लहान पुडा आणा.

पाणी पुढे कधी खाली गेलेच, तर ही विहीर मोडावी लागणार नाही. आतून ९० सेंमी व्यासाच्या दोन-तीन पाझरत्या रिंगा उतरवून तळ तेवढा खोल करता येतो, दुर्बिणीच्या नळीसारखा एकात एक. मात्र खाली गोडे पाणी असेल तरच. आमच्या पट्टीत मी त्या वाटेला जाण्याआधी टीडीएस मीटर दोन मे महिने बघेन.

साचा अजून पडवीत आहे. वाडीतले लोक मागायला येतात. देतो, पण धारेच्या रिंगेचा आणि पाझरत्या रिंगांचा साचा मिळून देतो. वरच्या रिंगांचा एकटा नेत असतील तर बाजारातल्याच घ्या म्हणून सांगतो.