हापूसची फवारणी: एचटीपीची गन की सेन्सरचा ब्लोअर?

१० बाय १० मीटरवरची जुनी, फांद्या एकमेकांत शिरलेली कलमं आणि उतार असेल, तर एचटीपी (जास्त दाबाचा) पंप आणि लांब नळीच्या टोकाला हातात धरायची गनच बरी. ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरवर, म्हणजे पंख्याच्या फवारणी यंत्रावर, बसवलेला सेन्सर झाड ओळखतो आणि दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेत फवारा तोडून औषध वाचवतो; मोकळी जागाच नसेल तर वाचणार काय? शिवाय ट्रॅक्टर गडग्याशी (दगडी बांधाशी) अडतो, नळी पलीकडे जाते.

सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) ५ बाय ५ ची, छाटून आटोक्यात ठेवलेली, मधे नांग्या भरलेली (मेलेल्या झाडांच्या जागी नवी रोपं लावलेली) बाग असेल तर सेन्सर परवडू शकतो. तिथे पाणी टँकरने आणावं लागतं, आणि गनवाला एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना ट्रिगर क्वचितच सोडतो.

घेताना वेग मोजण्याची सोय आहे का, ते आधी बघा. ताशी ४ किमी म्हणजे सेकंदाला १.१ मीटर. सेन्सर नोझलच्या १ मीटर पुढे असेल, तर झाड दिसल्यावर फवारा सोडणारा व्हॉल्व्ह साधारण ०.९ सेकंदाने उघडायला हवा. ही वेळ कायमची ठरवून टाकलेली असेल आणि चढावर वेग ३ वर आला, तर फवारा पाव मीटर आधी सुटतो, पाव मीटर आधीच बंदही होतो. झाडाची मागची कड कोरडी राहते, आणि भुरी रोगाला तेवढं पुरतं.

पंपही तेवढ्या ताकदीचा हवा. ५ मीटरच्या ओळीत ताशी ४ किमीने हेक्टरी १००० लिटर द्यायचे, तर मिनिटाला ३३ लिटर लागतात.

बिघाड ठरलेले. गंधकाची पावडर व्हॉल्व्हमध्ये बसली की तो पूर्ण मिटत नाही, म्हणून काम संपल्यावर स्वच्छ पाणी सोडायचं. सेन्सरच्या तोंडावर औषधाचा थर चढतो, तो ओल्या फडक्याने पुसायचा. खाऱ्या हवेत वायरच्या जोडण्या हिरव्या पडतात. त्या सीलबंदच हव्यात.

आणि सेन्सर पानं ओळखतो, तुडतुडे नाही. मोहोरापूर्वीच्या फवारणीत सालीच्या भेगांत दडलेले तुडतुडे मारायला खोडही भिजवावं लागतं. त्यासाठी गन ठेवावीच लागेल. ड्रोनचं औषध मोठ्या झाडाच्या शेंड्यावर बसतं, आत कमीच पोचतं.

प्रात्यक्षिक स्वतःच्या बागेत, साध्या पाण्यावर, खारं वारं सुटण्याआधी सकाळीच मागा. पाण्याने निळे पडणारे पिवळे कागद शेंड्याला, आतल्या फांदीला आणि खोडाला टाचा. एका बाजूचे व्हॉल्व्ह मिटल्यावर प्रेशर गेजचा काटा उसळला, तर बायपास (जादा पाणी टाकीत परत नेणारी वाट) अपुरा आहे: थेंब बारीक होऊन औषध शेजाऱ्याच्या बागेत जाईल.