फ्रेंच तटबंदीचे शब्द इंग्रजीत नेताना: मूळ शब्द ठेवायचा, जुना इंग्रजी घ्यायचा की सरळ अर्थ लिहायचा?

फ्रेंच किल्ल्यांवरचा मजकूर इंग्रजीत करायचं काम हातात आलं असेल, मग तो वोबाँच्या (चौदाव्या लुईचा किल्ले बांधणारा इंजिनियर) काळातला ग्रंथ असो, एखाद्या फोर्टमधले माहितीफलक असोत नाहीतर माजिनो लाइनवरचा (दोन महायुद्धांच्या मधे फ्रान्सने सीमेवर उभारलेली तटबंदी) लेख, तर एक गोष्ट पहिल्या पानाआधीच ठरवून टाका. ती न ठरवता बसलात तर दहाव्या पानापर्यंत पक्की खिचडी होते, इथे फ्रेंच शब्द, तिथे इंग्रजी, मध्येच स्वतः बनवलेला तिसराच, आणि वाचणाऱ्याला कळतच नाही की ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत की एकाच गोष्टीची तीन नावं.

रस्ते तीन आहेत. फ्रेंच शब्द तसाच ठेवायचा आणि पहिल्यांदा येईल तिथे समजावून सांगायचा. किंवा सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रज इंजिनियरांनी ह्याच शब्दांना जी रूपं दिली ती वापरायची, कर्टन (दोन बुरुजांमधली भिंत), स्कार्प (खंदकाची किल्ल्याकडची भिंत), हॉर्नवर्क (किल्ल्यापुढचं, शिंगांसारख्या दोन टोकांचं बांधकाम) वगैरे. किंवा दोन्ही सोडून, ती गोष्ट काय काम करते ते आजच्या साध्या इंग्रजीत लिहायचं.

माझं मत आधीच सांगतो, वोबाँ आणि त्याच्या आसपासच्या काळासाठी दुसरा रस्ता, माजिनोसाठी पहिला, आणि तिसरा फक्त फलकांसाठी. आता का ते बघू.

वोबाँचा काळ (तो 1633 ते 1707) घेतला तर इंग्रजीत तयार शब्दसंपत्ती आहे आणि ती भरपूर आहे. युद्धं चालू होती, फ्रेंचांची विद्या सगळ्यांना हवी होती, त्यामुळे हे ग्रंथ तेव्हाच इंग्रजीत यायला लागले होते, पुढे अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत तर फ्रेंच पुस्तकांवरच शिकवायचे आणि तिथे शिकवायला क्लोद क्रोझेसारखा फ्रान्समध्ये शिकलेला माणूस होता. म्हणून ʻकुर्तिनʼला कर्टन, ʻकोंत्रएस्कार्पʼला (खंदकाची बाहेरची भिंत) काउंटरस्कार्प, ʻउव्राज आ कोर्नʼला हॉर्नवर्क हे सगळं कधीच ठरून गेलंय. आज कोणी ते सोडून स्वतःचा नवा शब्द काढला तर जाणकार वाचक पुस्तक बाजूला ठेवतो. बॅस्टियन (टोकदार बुरुज), ग्लासी (खंदकाबाहेरचा मातीचा उतार), पॅरापेट (तटाच्या माथ्यावरचा कठडा) तर इंग्रजीतही तेच, उच्चार तेवढा बदलतो.

पण जुन्या रूपांचा धोका असा की ती ओळखीची वाटतात आणि आपण तपासतच नाही. ʻशमँ कुव्हेरʼ बघा. इंग्रजीत कव्हर्ड वे, आणि हाच शब्द लिहायचा, पण त्यावर छप्पर नाही हो! खंदकाच्या बाहेरच्या काठावरून जाणारी ही वाट वर पूर्ण उघडी असते, आकाश दिसतं. पुढे जो मातीचा उतार असतो तो ग्लासी, त्याच्या माथ्याआड ही वाट शत्रूच्या नजरेपासून आणि गोळीपासून झाकलेली म्हणून तसं नाव. सैनिक तिथे उभे राहून उतारावर गोळीबार करायचे. छप्पर असतं तर दारूचा धूर कोंडला असता आणि वरून बघताही आलं नसतं. पण फलकावर नुसतं कव्हर्ड वे लिहिलंत तर शंभरातले नव्वद पर्यटक बोगदा शोधायला लागतील, म्हणून तिथे तिसरा रस्ता बरा, ʻउताराआड लपलेली उघडी वाटʼ असं साध्या इंग्रजीत लिहा आणि जुना शब्द त्याच्या शेजारी बारीक अक्षरात द्या.

ʻदमी-ल्यूनʼ ह्याहून अवघड. शब्दशः अर्धचंद्र, आणि जुन्या इंग्रजीत हाफ-मून शब्द होताही, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. पण वोबाँच्या वेळेला फ्रेंच दमी-ल्यून म्हणजे दोन बुरुजांच्या मधल्या भिंतीपुढे, खंदकात उभं केलेलं त्रिकोणी बांधकाम, आणि त्याला इंग्रजीत रॅव्हलिन म्हणतात. हाफ-मून हे नाव मुळात बुरुजाच्या टोकापुढच्या कामासाठी होतं. दोघांची जागाच वेगळी! त्यात फ्रेंच सैनिक दोन्हींना एकच नाव द्यायला लागले, म्हणजे जुन्या ग्रंथात लेखक नेमकं काय म्हणतोय ते वाक्यावरून नाही, नकाशावरूनच कळतं. म्हणून मी म्हणेन की नकाशा किंवा आकृती हातात असल्याशिवाय ह्या शब्दाचं भाषांतर घ्यायचंच नाही, प्रकाशकाकडून मागवा, नाही मिळाली तर लेखी प्रश्न टाका.

आपल्याकडचा बुरुज डोळ्यापुढे ठेवून हे वाचणाऱ्यांनी अजून एक सांभाळायचं. आपले बुरुज बहुतेक गोल, इथला बॅस्टियन टोकदार, पाचकोनी, आणि तो तसा असतो कारण शेजारच्या बुरुजावरून त्याच्या पायथ्याचा एकही कोपरा सुटायला नको. इंग्रजीत टॉवर लिहिलंत की हे सगळं गेलं. फक्त वोबाँच्या काही ठिकाणी, उदाहरणार्थ नफ-ब्रिझाकमध्ये, त्याने 1698 नंतर बांधलेल्या त्या अष्टकोनी गावात, ʻतूर बास्तियोनेʼ खरोखर टॉवर आहेत, तिथे टॉवर बॅस्टियन लिहायचं.

मग काही शब्द नुसते फसवे. ʻप्लासʼ म्हणजे चौक नव्हे, तटबंदी केलेलं अख्खं ठाणं. ʻफुर्नोʼ म्हणजे भट्टी नव्हे, सुरुंगाची कोठडी. ʻमागाझँʼ दुकान नव्हे, दारूगोळ्याचं कोठार. ʻप्लास दार्मʼचे तर दोन अर्थ, गावाच्या मध्यातलं कवायतीचं मैदान आणि त्या उघड्या वाटेतली सैन्य गोळा व्हायची रुंद जागा, संदर्भ बघूनच ठरवायचं. आणि ʻरदूतʼ नि ʻरेद्वीʼ ह्यांची गल्लत सगळ्यात जास्त. रदूत म्हणजे सुटं छोटं ठाणं, इंग्रजीत रिडाउट. रेद्वी म्हणजे आतला शेवटचा आसरा, बाकी सगळं पडलं तरी लढायची जागा, साधारण आपल्या बालेकिल्ल्याच्या कामाची. स्वित्झर्लंडच्या ʻरेद्वी नास्योनालʼला इंग्रजीत नॅशनल रिडाउट म्हणतात, ते आता रूढ आहे, तिथे हात लावू नका. पण किल्ल्याच्या वर्णनात रेद्वीला कीप लिहा, किंवा तसाच रेद्वी ठेवा.

आता माजिनो. इथे मी पहिल्या रस्त्याच्या बाजूने ठाम आहे. 1930च्या दशकात हे बांधलं, इंग्रजीत ह्याच्यासाठी जुनी शब्दसंपत्ती नाहीच, आणि हाकनबेर्गसारख्या, जमिनीखाली दहा किलोमीटरवर बोगदे असलेल्या गोष्टीला फोर्ट म्हटलं की वाचकाच्या डोळ्यापुढे भलतंच चित्र उभं राहतं. ʻउव्राजʼ (माजिनोवरचा भुयारी किल्ला) तसाच ठेवा, इंग्रजीत लिहिणारे बहुतेक तसाच ठेवतात. ʻक्लोशʼसुद्धा. त्याला बेल केलंत तर चर्चची घंटा, क्युपोला केलंत तर फिरणारा टरेट (तोफेचा घुमट) वाटतो, आणि क्लोश तर काँक्रीटमध्ये घट्ट रोवलेला पोलादी घुमट, तो फिरत नाही. फिरतो तो टरेट, जमिनीत खाली बसणारा, म्हणून त्याच्यासाठी रिट्रॅक्टिंग टरेट हे इंग्रजी बिनधास्त वापरा, ते स्पष्ट आहे. ʻउझीनʼला मात्र फॅक्टरी करू नका, ते डिझेल इंजिनांचं वीजघर आहे, तिथे पॉवर प्लांटच लिहायचं.

मधला काळ, 1874 पासूनचे सेरे द रिव्हिएर ह्या फ्रेंच लष्करी इंजिनियरचे फोर्ट, हा खरा त्रासाचा, कारण इथे जुने शब्द आहेत पण अर्थ सरकलेत. ʻकापोनिएरʼ वोबाँच्या वेळी खंदक ओलांडायची आडोशाची वाट होती, इथे ती खंदकातच बांधलेली, छताची, गोळीबाराची खोली. इंग्रजीत दोन्ही कॅपोनियर, त्यामुळे पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ खुलासा द्यावाच लागतो. ʻकाझमात द बुर्जʼही (काझमात म्हणजे तोफेची छताची खोली) तसंच, बुर्ज गावात तिच्या चाचण्या झाल्या म्हणून ते नाव, ती बांधलेली आहे दुसऱ्याच कुठल्यातरी फोर्टात, तेव्हा बुर्ज काझमेट असं लिहा, गावातली काझमेट वाटेल अशी वाक्यरचना नको.

हीच निवड पाँडिचेरीच्या फोर लुईच्या (इंग्रजांनी 1761 मध्ये तो पाडला) फ्रेंच नकाशांनाही लागू, वोबाँ पद्धतीचाच किल्ला, म्हणून दुसरा रस्ता.

मापांचंही आत्ताच ठरवून घ्या. एक त्वाझ (जुनं फ्रेंच माप) म्हणजे सहा फ्रेंच प्ये (फ्रेंच फूट), 1.949 मीटर. जुन्या भाषांतरात त्वाझला फॅदम (सहा इंग्रजी फूट) आणि प्येला सरळ फूट केलेलं सापडतं, पण फ्रेंच प्ये साधारण 32.5 सेंटिमीटर आणि इंग्रजी फूट 30.5. वोबाँची नेहमीची बाहेरची बाजू (शेजारच्या दोन बुरुजांच्या टोकांमधलं अंतर) 180 त्वाझ, म्हणजे सुमारे 351 मीटर. तीच 1080 इंग्रजी फूट समजून मोजली तर 329 मीटर होते, म्हणजे 22 मीटर हवेत गायब. त्वाझ आणि प्ये तसेच ठेवा, कंसात मीटर द्या, फूट आणूच नका.