पगार चाळीस हजार: आधी दशांश की आधी कार्डाची थकबाकी?

चर्चच्या मंडळीचा खजिनदार असताना उपासनेनंतर पाकिटं मोजायचं काम माझ्याकडे होतं. त्यातल्या एकावर दर महिन्याला चार हजार, म्हणजे दशांश (पगाराचा दहावा हिस्सा), लिहिलेलं असायचं, कधी चुकलं नाही. ते पाकीट देणारा तरुण एका रविवारी मागे थांबला आणि हळूच म्हणाला, "दादा, क्रेडिट कार्डाचे ऐंशी हजार थकलेत. दशांश थांबवला तर देवाला लुबाडल्यासारखं होईल का?"

मी म्हणालो, प्रार्थना करू. खजिनदाराकडून हे फारच तोकडं उत्तर होतं. नंतर घरी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, त्यातून निघालेली ही तुलना. बऱ्याच घरांत हाच पेच असतो, फक्त आकडे वेगळे.

त्याचा हिशेब असा: हातात येणारा पगार ४०,००० आणि घरखर्च जाऊन उरणारे ८,०००. कार्डावर महिना साडेतीन टक्के व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दरमहा ४.१३ टक्के. ऐंशी हजारांवर पहिल्याच महिन्याचे झाले ३,३०४ रुपये. दशांश दिल्यावर कार्डासाठी त्याच्याकडे चार हजारच उरायचे. त्यातून मूळ रक्कम कमी व्हायची सातशेसुद्धा नाही. पुढचे आकडे कार्डावर नवीन खरेदी पूर्ण बंद केली असं धरून काढलेत.

| | पूर्ण दशांश, उरलेलं कार्डाला | दशांश थांबवून सगळं कार्डाला | हजार अर्पण, सात हजार कार्डाला |
|---|---|---|---|
| दरमहा अर्पण | ४,००० | काही नाही | १,००० |
| दरमहा कार्डाला | ४,००० | ८,००० | ७,००० |
| कर्ज फिटायला | ४३-४४ महिने | १३-१४ महिने | सुमारे १६ महिने |
| बँकेला एकूण | सुमारे १,७३,००० | सुमारे १,०५,००० | सुमारे १,१०,५०० |

पूर्ण दशांश आधी

या बाजूची वचनं आपल्याला पाठ असतात. सगळा दशांश भांडारात (मंदिराच्या कोठारात) आणा, असं बायबलमधलं मलाखी ३:१० सांगतं. उत्पन्नाच्या प्रथमफळाने परमेश्वराचा सन्मान करा, असं नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आहे. मार्काच्या शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने तर उपजीविकाच दानपेटीत टाकली.

या मार्गाची खरी ताकद सवयीत आहे. "फिटलं की देईन" म्हणणारे मी पुष्कळ पाहिले. फिटल्यावर दारात नवी मोटारसायकल येते, तीही हप्त्यावर. पगार हातात आल्याबरोबर अर्पण बाजूला काढणाऱ्याचा बाकीचा खर्चही बहुधा शिस्तीत चालतो.

पण मलाखीचं दहावं वचन पाठ करताना त्याच अध्यायातलं पाचवं वचन आपण गाळतो. मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा आणि अनाथांना गांजणाऱ्यांविरुद्ध मी साक्षीला उभा राहीन, असं देव तिथे म्हणतो. आणि येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान'वरून (म्हणजे देवाला वाहिलेलं) ज्यांना फटकारलं त्यांनीही पैसा उधळला नव्हता, देवालाच वाहिला होता. फक्त तो आईबापांचा वाटा होता. दुसऱ्याचं देणं थकवून वेदीवर ठेवलेलं दान तेवढ्याने पवित्र होत नाही, असा मी त्याचा अर्थ घेतो.

आधी कर्ज

ऋणको धनकोचा दास होतो, असं नीतिसूत्रे २२:७ म्हणतं. उसनं घेऊन परत न करणाऱ्याला स्तोत्र ३७ सरळ दुर्जन म्हणतं. 'कोणाच्या ऋणात राहू नका' हे रोमकरांस पत्रातलं वचन मात्र जपून वापरावं. त्यावरून कर्ज काढणंच पाप आहे, असं काही जण शिकवतात. आधीचं वचन ज्याचं त्याला द्या, कर असेल त्याला कर द्या, असं सांगतं. म्हणजे भर देणं चुकतं करण्यावर आहे.

आकड्यांत हाच मार्ग सर्वात स्वस्त. तरी मी तो कोणाला सुचवत नाही. वर्षभर रिकाम्या हाताने अर्पणाची पिशवी पुढे सरकवणारा माणूस हळूहळू मागच्या बाकावर बसायला लागतो आणि मग येतच नाही. हा तोटा तक्त्यात मावत नाही.

हजार आणि सात हजार

मला चकित केलं ते या रकान्याने. महिन्याला हजार देत राहिलं तर कर्ज जेमतेम अडीच महिने लांबतं आणि बँकेला पाच हजारांच्या आसपास जास्त जातात. पहिल्या मार्गाशी ताडून बघा. सोळा महिन्यांनी आठच्या आठ हजार मोकळे होतात. मधल्या काळात जो दशांश कमी पडला तो सगळा नंतर भरून काढला, तरी त्रेचाळीस महिन्यांच्या शेवटी मंडळीकडे तेवढीच रक्कम गेलेली असते आणि घरात साठेक हजार जास्त उरतात. हे साठ हजार पहिल्या मार्गात बँकेच्या खिशात जातात.

हजार म्हणजे अडीच टक्के, हा दशांश कसा, असं कोणी विचारेल. नाहीच. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात टक्केवारी सांगितली नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत नाही आणि भाग पडलं म्हणूनही नाही, असं लिहिलं. वसईच्या माझ्या कॅथलिक मित्राला तर या वादाचंच नवल वाटतं, कारण त्यांच्याकडे ऐपतीप्रमाणे द्यायचं असतं आणि दहाचा आकडा बंधनकारक नाही. मिझोराममधल्या बायका स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात, तेही अर्पणच.

पण माझं मत पक्कं झालं ते बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकामुळे. नहेम्या हा यरुशलेमचा कारभार पाहणारा अधिकारी. पाचव्या अध्यायात लोक रडत येतात. दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडलेली, राजाचा कर भरायला कर्ज काढलेलं, मुलं-मुली दास्यात गेलेली. सावकारी करणारे परके नव्हते, आपलेच भाऊबंद होते. त्यांचा दर तिथे 'शंभरावा हिस्सा' असा सांगितलाय. बरेच अभ्यासक तो महिना एक टक्का धरतात. (आपल्या कार्डाचा साडेतीन!) नहेम्या आधी तो व्याजाचा व्यवहार बंद पाडतो, शेतं आणि घरं परत करायला लावतो, मी आणि माझे भाऊही उसने देतो हे कबूल करतो. दशांश भांडारात आणायचा करार होतो तो दहाव्या अध्यायात. तेराव्यात लेव्यांना (मंदिरात सेवा करणाऱ्यांना) त्यांचा वाटा मिळेनासा झाला आणि ते शेतावर निघून गेले, तेव्हा हाच माणूस दशांशासाठी अधिकाऱ्यांशी भांडतो. म्हणजे दशांश त्याला किरकोळ वाटत नव्हता. तरी गळ्यातला फास सोडवायचं काम त्याच्या पुस्तकात आधी येतं. मलाखीचा काळही साधारण याच सुमाराचा मानतात, त्यामुळे ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचायला हरकत नाही.

ही तुलना कुठे लागू नाही

गृहकर्जाला नाही. वीस वर्षांचं, कार्डापेक्षा खूपच कमी व्याजाचं कर्ज फिटेपर्यंत अर्पण थांबवायचं म्हटलं तर निवृत्तीच येईल. तिथे हप्ता हा घरखर्चातच धरावा आणि दशांश चालू ठेवावा.

किराणावाल्याची उधारी, घरकामाच्या बाईंचा थकलेला पगार, मेहुण्याकडून हातउसने घेतलेले पैसे यांवर व्याज नसतं, म्हणून ते तक्त्यात सर्वात शेवटी जातील. बायबलच्या हिशेबात ते सर्वात आधी. जवळ असताना शेजाऱ्याला 'उद्या ये' म्हणू नकोस, असं नीतिसूत्रे ३:२८ बजावतं. कार्डाची बँक सोळा महिने तग धरेल, बाईंची चूल धरणार नाही.

जामीनकीचाही एक इशारा. पतसंस्थेच्या कर्जाला मंडळीतल्या भावासाठी सही करताना नीतिसूत्रे २२:२७ आठवावं. फेडायला काही नसेल तर अंगाखालचं अंथरूणही जाईल, असं ते म्हणतं.

आणि तिन्ही रकान्यांत एक भोक आहे: अडीअडचणीसाठी काहीच शिल्लक नाही. हातात शून्य असेल तर पहिलेच काही महिने दोन-दोन हजार बचत खात्यात टाका, कर्ज थोडं लांबलं तरी चालेल. नाहीतर दवाखान्याचं पुढचं बिल पुन्हा त्याच कार्डावर चढतं. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा साठवायला सांगितला, त्याला कोणी अविश्वासू म्हटलं नाही. थकबाकी कमी दराच्या हप्त्यांत बदलून मिळते का, हेही बँकेला विचारावं. प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी धरून दर काय पडतो ते लेखी घ्यावं.

तो कागद मी त्या तरुणाला दिला आणि आधी बायकोला दाखव म्हणालो. तिला ऐंशी हजारांचा पत्ताच नव्हता. पुढच्या महिन्यात त्याच्या पाकिटावर एक हजार होते. ते त्याने आकडा आत जाईल अशी घडी घालून पिशवीत टाकलं. पाकिटावरचा रकमेचा रकाना काढून टाकावा, असा विषय मी त्यानंतर कमिटीत मांडला. दोन बैठका झाल्या, अजून ठरलेलं नाही.