टोमॅटोला आच्छादन कशाचं: पालापाचोळा की प्लास्टिक?

टोमॅटोची रोपं लावून झाली की प्रश्न येतो, बुडाशी वाळका पाला-पेंढा पसरावा की मल्चिंग पेपर, म्हणजे प्लास्टिकचा पातळ कागद, अंथरावा?

रोगाच्या बाबतीत दोन्ही कामाचे. करपा बहुधा खालच्या पानांपासून चढतो, कारण पाण्याच्या थेंबांबरोबर मातीतली बुरशी पानांवर उडते. माती झाकली की हे उडणं बरंच कमी होतं.

खरा फरक पाण्यात. पेंढ्यावरून झारीनं पाणी घातलं तरी ते खाली मुरतं. प्लास्टिकखाली ठिबकची नळी आधीच टाकावी लागते, नाहीतर रोपाच्या भोकातून पाणी घालत बसा. ओल कमी-जास्त होत राहिली की मुळांना कॅल्शियम नीट उचलता येत नाही आणि फळाचं बूड काळं पडतं. लोक मग औषध शोधत फिरतात!

तणावर प्लास्टिक सरस. पेंढा 5 ते 8 सेंटिमीटर जाड हवा, शिवाय तो कुजून बसला की पुन्हा भर घालावी लागते. पण त्याच कुजण्यातून माती भुसभुशीत होते. प्लास्टिक हंगामाअखेर फाटकं गोळा करावं लागतं. पेंढा खोडापासून चार बोटं लांब ठेवा, गोगलगायींवर लक्ष असू द्या.

थंड हवेत लवकर फळ हवं असेल, ठिबक असेल, तर काळं प्लास्टिक घ्या. ते माती गरम ठेवतं. कडक उन्हात, कुंडीत किंवा दोन-चार रोपांसाठी पालापाचोळाच बरा.