पत्रिकेवर अक्षता पाडायला शिकताना: पी५.जेएसचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते. चित्र काढता येतं, पण कोडिंगचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, अशा माणसाला ब्राउझरमध्ये हलणारी, बोट लावलं की प्रतिसाद देणारी चित्रं करायची असतील, तर पी५.जेएसइतकी सोपी सुरुवात मला दुसरी सापडली नाही. (पी५.जेएस म्हणजे वेबपानं हलती करणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत चित्रं काढायच्या तयार आज्ञांचा संच.) पण त्यात मराठी मजकूर टाकायला गेलात की डोकं धरून बसाल. पहिली गोष्ट यूट्यूबवर शंभर जण सांगतात. दुसरी सांगणारं मला कुणी भेटलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं सांगलीत डीटीपीचं काम. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स. सगळं कोरलमध्ये, म्हणजे कोरलड्रॉ या चित्रं आणि मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये. हल्ली गिऱ्हाईक शंभरच पत्रिका छापून घेतं आणि बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. व्हिडिओ पत्रिका गल्लोगल्ली झाल्यात. मला वेगळं काहीतरी द्यायचं होतं: लिंक उघडली की तोरण झुलतंय, स्क्रीनवर बोट लावलं की तिथून अक्षता पडतायत. भाचीला विचारलं. ती इंजिनिअरिंगला आहे. म्हणाली, "आत्या, जावास्क्रिप्ट शीक, पण नुसती नको, पी५ लावून शीक. नाहीतर आठवड्यात सोडून देशील." पोरीने बरोबर ओळखलं होतं.

कारण हा रस्ता मी एकदा अर्धा चालून परत आले होते. मल्टिमीडियाच्या कोर्सला होते तेव्हा फ्लॅशचा, म्हणजे वेबवरची हलती चित्रं करायच्या प्रोग्रॅमचा, जमाना होता. ट्वीन मारून (सुरुवात आणि शेवट दिला की मधल्या फ्रेम फ्लॅश भरायचं) चेंडू टाइमलाइनवर इकडून तिकडे नेण्यापर्यंत मजा होती. मग ॲक्शनस्क्रिप्ट आली. ही भाषा २००० साली फ्लॅशच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आली होती. आमच्या क्लासमध्ये तिचं शिकवणं म्हणजे फळ्यावरच्या ओळी वहीत उतरवणं. कुठल्या फ्रेमवर 'स्टॉप' लिहायचं आणि कुठल्या बटणावर 'गोटू अँड प्ले', एवढं पाठ झालं. का, ते कुणी सांगितलं नाही. पुढे ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेयरचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो फाइली चालवायचाच बंद झाला. तेव्हाच्या फाइली कुणाकडे पडून असतील तर 'रफल' नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये पुष्कळशा चालतात. माझ्या चालल्या. चेंडू अजून उड्या मारतोय.

पी५चं घराणं कलाकारांचं आहे, आणि ते वापरताना पदोपदी जाणवतं. केसी रीस आणि बेन फ्राय या दोघांनी २००१ साली एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये 'प्रोसेसिंग' सुरू केलं, चित्रकार आणि डिझायनर मंडळींना प्रोग्रॅमिंग करता यावं म्हणून. तेच ब्राउझरमध्ये आणायचं काम २०१३ साली लॉरेन मॅकार्थी या कलावतीने हाती घेतलं, ते पी५.जेएस. मागे प्रोसेसिंग फाउंडेशन ही ना-नफा संस्था आहे. फुकट आहे, जाहिराती नाहीत, 'प्रो घ्या' म्हणून कुणी मागे लागत नाही.

पी५चा वेब एडिटर, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड लिहायची जागा, उघडला की डावीकडे कोड, उजवीकडे चित्र, खाली संदेशांची पट्टी. काही इन्स्टॉल करायचं नाही. सेव्ह करायला तेवढं खातं उघडावं लागतं. नव्या फाइलला तो आपणहून दोन शब्दांचं काहीतरी चमत्कारिक इंग्रजी नाव ठेवतो. ते वेळीच बदला, नाहीतर पाटलांची पत्रिका कुठली आणि कुलकर्ण्यांची कुठली ते शोधत बसाल. कोडाच्या जागी आधीच दोन कप्पे लिहिलेले असतात: 'सेटअप' आणि 'ड्रॉ'. सेटअप एकदाच चालतो, त्यात ४०० बाय ४०० पिक्सेलचा कॅनव्हास, म्हणजे चित्राचा कागद, तयार होतो. ड्रॉ मात्र थांबतच नाही, साधारण सेकंदाला ६० वेळा पुन्हा पुन्हा चालतो. सगळी ॲनिमेशनची मेख इथे आहे. फ्लॅशमध्ये टाइमलाइन डोळ्यांसमोर आडवी पसरलेली असायची. इथे टाइमलाइन नाहीच. एकच फ्रेम आहे, ती दर वेळी नव्याने काढायची आणि काढताना वस्तूची जागा जराशी सरकवायची. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं पुष्कळ आपोआप सुटतं.

ते बसवायला एक युक्ती सांगते. ड्रॉच्या कप्प्यात 'बॅकग्राउंड' ही ओळ असते. तिच्याखाली माउसच्या जागी एक गोल काढायला सांगा, एक ओळीचं काम आहे. गोल माउसमागे फिरतो. आता बॅकग्राउंडची ओळ उचलून वर सेटअपमध्ये ठेवा. गोलाची शेपूट उमटत जाते, जणू ब्रशने रंगवतोय. म्हणजे ती ओळ दर फ्रेमला फळा पुसत होती. माझ्या मते पूर्ण पी५ शिकण्यातली ही सगळ्यात मोलाची पाच मिनिटं.

कोरलवाल्यांना दोन ठिकाणी अडायला होतं. एक, कोरलमध्ये शून्य पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात असतं, इथे डाव्या वरच्या. आकडा वाढवला की वस्तू खाली जाते. सवय होते. दुसरं जास्त त्रासाचं: फिरवणं. कोरलमध्ये वस्तूवर दोनदा क्लिक केलं की कोपऱ्यात बाण येतात, पकडा आणि फिरवा, ती स्वतःच्या मध्याभोवती फिरते. इथे 'रोटेट' म्हटलं की वस्तू नाही, अख्खा कागद फिरतो, आणि तोही वरच्या कोपऱ्यातल्या टाचणीभोवती. त्यात कोन अंशांत नाही, रेडियन या गणितातल्या दुसऱ्या मापात. ४५ अंश म्हणून ४५ लिहिलं तर चित्र कुठल्या कुठे भरकटतं. 'अँगलमोड' लिहून अंश निवडता येतात, पण ही सोय आहे हे पहिल्या धड्यात सांगायला हवं होतं, ती मला फार उशिरा कळली.

झेंडूचं फूल केलं तेव्हा हे सगळं जागेवर आलं. आधी 'ट्रान्सलेट' करून टाचणी फुलाच्या मध्यात न्यायची. मग एक लंबगोल पाकळी, मध्यापासून थोडी खाली. कागद साडेबावीस अंश फिरवायचा, पुन्हा तीच पाकळी. असं सोळा वेळा 'फॉर'च्या फेऱ्यात. ३६० अंश पूर्ण. कोडाच्या सहा ओळींत फूल तयार, आणि पाकळ्या सोळाच्या चोवीस करायच्या तर दोन आकडे बदला, बस. फुलाच्या आधी 'पुश' (टाचणीची जागा जपून ठेवतो) आणि नंतर 'पॉप' (ती परत आणतो) लिहायला मात्र विसरू नका, नाहीतर पुढचं फूल हललेल्या टाचणीपासून मोजलं जातं आणि तोरण स्क्रीनबाहेर लोंबतं. तोरण झुलवायला 'रँडम' वापरू नका, ते वाऱ्यावर झुलत नाही, थंडीताप भरल्यासारखं थरथरतं. 'नॉइज' वापरा, त्याचे आकडे उड्या न मारता हळूहळू बदलतात. ते गणित केन पर्लिन यांनी १९८०च्या दशकात काढलं आणि १९९७ साली त्यांना त्यासाठी ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आपल्याला ते एका शब्दात फुकट मिळतं.

आता मराठीचं दुखणं. साधा मजकूर 'टेक्स्ट' म्हणून युनिकोडमध्ये (फोनवर मराठी टाइप होतं ती पद्धत) टाइप केला तर तो नीट दिसतो, कारण अक्षरं जुळवायचं काम ब्राउझर करतो. पण छान फॉन्ट हवा म्हणून फाइल चढवली आणि 'लोडफॉन्ट'ने आणली की पी५च्या पहिल्या आवृत्तीत घोळ होतो. तिथे अक्षरं पी५ स्वतः काढतं आणि त्याला देवनागरीची जोडणी येत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, हलन्त उघडे पडतात. 'चि.' आणि 'चि. सौ. कां.'ने सुरू होणाऱ्या पत्रिकेत पहिल्याच अक्षराला हे झालं तर गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडेल. उपाय सोपा आहे: फॉन्टची फाइल चढवू नका. एडिटरमध्ये डावीकडचा बाण दाबला की 'इंडेक्स' नावाची फाइल दिसते, तिच्यात गूगल फॉन्ट्सवरून मुक्ता किंवा बालू यांची लिंक टाका आणि पी५मध्ये 'टेक्स्टफॉन्ट'ला नुसतं नाव सांगा. सगळं जागेवर येतं.

श्रीलिपी या डीटीपीच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फॉन्टांचा इथे उपयोग नाही, ते युनिकोड नव्हेत. वधूवरांची नावं सुलेखनातच हवीत असा हट्ट असेल, आणि तो असतोच, तर कोरलमध्ये नाव बसवा, कर्व्ह करा, पारदर्शक पीएनजी काढा आणि चित्र म्हणून आणा. मी तेच करते.

नावाची अक्षरं एकेक करून वरून पडावीत, हा मोह सगळ्यांना होतो. इंग्रजी धड्यांमध्ये शब्द फोडायची एक ओळीची युक्ती देतात. ती 'स्वागत'वर चालवली तर सहा तुकडे पडतात: स, हलन्त, व, काना, ग, त. हलन्त आणि काना ठिपक्यांच्या गोलाला लटकून एकटेच खाली येतात. त्यापेक्षा 'स्वा', 'ग', 'त' असे तीन तुकडे हाताने लिहून यादी करा. पत्रिकेत फोडायचे शब्द असतात किती?

अक्षता हे माझं सगळ्यात आवडतं काम झालं. बोट लागलं की यादीत दाणे वाढवायचे, प्रत्येकाला स्वतःचा वेग, प्रत्येकाला थोडा वेगळा कोन, दर फ्रेमला खाली सरकवायचे. खाली गेलेला दाणा यादीतून काढून टाकायचा, हे महत्त्वाचं. नाही काढला तर तो दिसत नसला तरी मोजला जात राहतो, आणि काकांच्या जुन्या फोनवर पत्रिका दम खाऊ लागते. स्वस्त फोनवर अजून एक ओळ कामाला येते, 'पिक्सेलडेन्सिटी' एक करायची. चित्र किंचित मऊ दिसतं पण पळतं.

सनई पत्रिका उघडल्या उघडल्या वाजणार नाही. ब्राउझर पाहणाऱ्याने स्पर्श केल्याशिवाय आवाज सोडत नाहीत, त्यात पी५चा दोष नाही. म्हणून मी पहिल्या पडद्यावर गणपती ठेवते, खाली 'स्पर्श करा'. लोक गणपतीला बोट लावतात, सनई सुरू. ही तडजोड गिऱ्हाइकांना मूळ कल्पनेपेक्षा जास्त आवडली.

शिकायला साहित्य भरपूर आहे, पण इंग्रजीत. संकेतस्थळाच्या भाषांमध्ये हिंदी आहे, मराठी नाही. यूट्यूबवर डॅनियल शिफमन यांचं 'कोडिंग ट्रेन' चॅनल आहे. माणूस भारी उत्साही, बोलतो भराभर, मी वेग कमी करून पाहते. चुकांचे संदेश मात्र पी५ने माणसासारखे लिहिलेत. ओळीच्या सुरुवातीला एक गुलाबी फूल येतं आणि साध्या इंग्रजीत सांगतं की अमुक नाव ओळखीचं नाही, तुला तमुक म्हणायचं होतं का? बहुतेक वेळा भानगड मोठ्या-लहान लिपीची असते. 'माउसएक्स'मधला एक्स कॅपिटल, बाकी सगळं लहान. यावर पी५ एक पैसाही सोडत नाही.

एक सावधगिरी: २०२५ साली दुसरी आवृत्ती आली, तिच्यात चित्रं आधी आणून ठेवणारा 'प्रीलोड' हा कप्पा काढून टाकलाय. जुने व्हिडिओ बघून शिकणार असाल तर एडिटरमध्ये पहिलीच आवृत्ती निवडलेली आहे ना ते बघा.

कुणी घेऊ नये? ज्याला फक्त वेबसाइटवरचं बटण सरकवायचंय किंवा फोटो हळूच उमटवायचेत, त्याने. त्याला सीएसएस (वेबपानाची सजावट ठरवणारी भाषा) पुरतं, फार तर जीसॅप (हालचालींसाठीचा जावास्क्रिप्टचा संच). पी५ कॅनव्हासवर चित्र काढणाऱ्यांसाठी आहे.

पत्रिका द्यायची वेळ आली की एडिटरमधल्या 'शेअर'मधून फुलस्क्रीनची लिंक घ्या, कोड दिसणारी नको. तरी ज्याला जमतं तो त्यावरून कोडापर्यंत पोचू शकतो, तेव्हा आत कुणाचे मोबाइल नंबर लिहून ठेवू नका. बाकी सोय मोठी आहे. निमंत्रकांमध्ये थोरल्या मामांचं नाव राहिलं म्हणून रात्री फोन आला, तर ओळ वाढवून सेव्ह करते आणि लिंक तीच राहते. छापून आलेल्या शंभरांवर मात्र मामांचं नाव पेनानेच लिहावं लागतं.