साड्यांच्या दुकानाला फिल्टर लावले: तीन हंगामांनंतरचा अनुभव

माझं साड्यांचं ऑनलाइन दुकान शॉपिफायवर (ऑनलाइन दुकान चालवायची सेवा) आहे. येवल्याच्या पैठण्या, इरकल, खणाच्या साड्या आणि थोडा सुती माल. गेल्या उन्हाळ्यात फिल्टर लावले, म्हणजे गिऱ्हाईकाला रंग, काठ, किंमत निवडून तेवढ्याच साड्या बघता येतात. नवरात्र, दिवाळी आणि लग्नसराई त्यावर काढली, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

शॉपिफायचंच 'सर्च अँड डिस्कव्हरी' हे अ‍ॅप फुकट मिळतं. त्यात फिल्टर ठरवायचे, थीम (दुकानाची मांडणी) एडिटरमध्ये कलेक्शन पेजवर, म्हणजे मालाच्या यादीच्या पानावर, फिल्टरिंग चालू करायचं, झालं. वेळ खातं ते त्यामागचं माहिती भरण्याचं काम.

ड्रेस किंवा टीशर्ट विकणाऱ्यांकडे रंग आणि साइज व्हेरिएंटमध्येच (एकाच मालाचे वेगवेगळे प्रकार) असतात, त्यावरून फिल्टर तयार होतो. पैठणी एकेक नग. व्हेरिएंटच नाही, मग रंगाचा फिल्टर येणार कुठून? त्यासाठी मेटाफील्ड लागतात, म्हणजे प्रत्येक प्रॉडक्टला जोडायचे जादा माहितीचे रकाने. मी चार केली: बॉडीचा रंग, काठाचा रंग, काठ (नारळी, मुनिया, ब्रोकेड) आणि हातमाग की सेमी. टॅगवरूनही फिल्टर होतो, पण सगळे टॅग एकाच यादीत येतात. 'मुनिया'च्या खाली 'दिवाळी ऑफर' बघून गिऱ्हाईक काय समजणार?

मेटाफील्ड करताना त्यातली माहिती मोकळी टाइप करायला ठेवू नका, ठरावीक पर्याय द्या. नाहीतर 'जांभळा', 'जांभळी' आणि 'जांभळा रंग' असे तीन चौकोन दिसतात आणि प्रत्येकात वेगळ्या साड्या. शिवाय यादीचा प्रकार निवडा, म्हणजे एका साडीला दोन रंग देता येतात. धूपछाव साडी हिरव्यातही दिसली पाहिजे आणि जांभळ्यातही. जुना माल भरायला बल्क एडिटर बरा, एक्सेलसारखं खाली खाली भरत जायचं.

मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे ग्रुपिंग. आपल्याकडे रंगांना नावं काय कमी आहेत? राणी, गुलबक्षी, डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, वांगी. सगळी फिल्टरमध्ये आली तर फोनवर यादी संपता संपत नाही. म्हणून साडीच्या माहितीत खरं नाव ठेवायचं आणि फिल्टरमध्ये राणी, गुलबक्षी 'गुलाबी'खाली घालायचे. रामा हिरवा की निळा, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

किमतीचा फिल्टर आमच्या थीममध्ये 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन रकाने देतो. फोनवर आकडे टाइप करायचा लोकांना कंटाळा. म्हणून 'दहा हजारांच्या आत' वगैरे वेगळी ऑटोमॅटिक कलेक्शन केली आणि ती मेनूत टाकली. ती जास्त चालतात. मर्यादाही सांगते: फिल्टर जास्तीत जास्त २५, आणि एका कलेक्शनमध्ये ५,००० च्या वर प्रॉडक्ट गेले तर फिल्टर दिसतच नाहीत. तो दिवस देव दाखवो.

शॉपिफायच्या या फुकटच्या अ‍ॅपआधी एक बाहेरचं पैसेवालं अ‍ॅप वापरून पाहिलं होतं. दिसायला छान, पण पान उघडल्यावर फिल्टर मागून डुलत यायचे, तोवर गिऱ्हाईक खाली स्क्रोल करून गेलेलं. महिन्याला डॉलरमध्ये पैसे. काढून टाकल्यावरही थीममध्ये त्याचा कोड राहिला, तो साफ करायला माणूस बोलवावा लागला. दोनचारशे साड्यांच्या दुकानाला फुकटचं पुरतं, असं माझं मत.

माझा निम्मा धंदा व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो आणि तिथे फिल्टरचा खरा उपयोग कळला. फिल्टर लावला की तो पानाच्या लिंकमध्ये उतरतो. "ताई, जांभळी पैठणी आहे का हो, मुनिया काठाची?" असा मेसेज आला की मी दोन खुणा करते, वर 'स्टॉकमध्ये' लावते आणि लिंक पाठवते. आधी एकेक फोटो निवडून धाडायचे आणि नेमकी विकली गेलेलीच पसंत पडायची. आता विकलेली साडी लिंकमधून आपोआप गळते.

नवरात्रात तर रोज सकाळी त्या दिवसाच्या रंगाची लिंक स्टेटसला लावली. राखाडीच्या दिवशी उघडून बघते तर मोजक्या तीन साड्या, त्यातल्या दोन सुती. यंदा येवल्याला ऑर्डर देताना राखाडी बॉडी आणि राणी काठ आधीच सांगून ठेवलंय.