‘कॅसलव्हेनिया’ साठ पिनी डब्यावर: ड्रॅक्युलाआधी डबा दुरुस्त करा

ड्रॅक्युलाच्या किल्ल्यातला कोनामी कंपनीचा गेम ‘कॅसलव्हेनिया’ अवघड आहे हे खरं. पण आपल्याकडच्या जुन्या साठ पिनी व्हिडिओ गेमवर तो जेवढा अवघड वाटतो, त्यातला बराच दोष डब्याचा असतो. रिमोट झिजलेला, अ‍ॅडॅप्टर दमलेला, समोर नवा एलईडी टीव्ही, आणि चाबूकवाला नायक सायमन बेलमाँट खड्ड्यात पडला की शिव्या मात्र कोनामीला. म्हणून आधी डब्याचं बघू.

गेम १९८६ चा. जपानात निन्टेंडोच्या फॅमिकॉम या डब्याच्या डिस्कवर आला, पुढच्या वर्षी अमेरिकेत एनईएसच्या, म्हणजे त्याच डब्याच्या अमेरिकन अवताराच्या, कॅसेटवर. गड्ड्याच्या जत्रेतून नाहीतर नव्या पेठेतून सोलापूरच्या घरांत आलेले डबे म्हणजे त्याच फॅमिकॉमच्या नकला. ६० पिनांची कॅसेट त्यात सरळ बसते. अमेरिकन कॅसेट ७२ पिनांची, तिला मधे कन्व्हर्टर लागतो. या गेमची कॅसेट आतून अगदी साधी असल्यामुळे बहुतेक नकली डब्यांवर ती तक्रार न करता चालते. ‘९९९९ इन १’ छापाची कॅसेट घेत असाल तर दुकानातच लावून बघा. त्या यादीत मोजकेच गेम नावं बदलून फिरत असतात.

पडदा नुसता एकरंगी आला तर कॅसेटचे पाय, म्हणजे खालच्या कडेच्या तांब्याच्या पट्ट्या, मळलेत. गेम चालू आहे, आवाज येतोय, पण चित्राचे तुकडे विस्कटलेत, तर चित्राकडे जाणाऱ्या पिना नीट टेकत नाहीत. फुंकर मारू नका. तोंडातली वाफ तांब्याला खाते. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून पाय पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. डाग हट्टी असेल तर पेन्सिलचा मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि पुन्हा अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा मुलामा निघून जातो.

अ‍ॅडॅप्टरकडे सहसा कुणी बघत नाही. डब्यात व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा भाग, बहुधा ७८०५ रेग्युलेटर, असतो. तो ५ व्होल्ट बाहेर देतो, पण त्याला आत किमान सात-साडेसात लागतात. जुना ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर ओझ्याखाली त्या सात-साडेसातच्याही खाली बसला की पडद्यावर आडवे पट्टे येतात आणि गेम आपोआप रिसेट होतो. यावर उपाय म्हणून १२ व्होल्टचा लावणारे असतात. त्यात रेग्युलेटरला ४ ऐवजी ७ व्होल्ट उष्णता करून टाकावे लागतात, म्हणजे पावणेदोन पट तापणं. एप्रिल-मेमध्ये आपल्या हवेला हे परवडणारं नाही. डबा फरशीवर ठेवा. चादरीवर ठेवला की खालची भोकं बंद होतात, मग ती चादर सोलापुरी असली तरी. पिनेचं टोक अधिक की उणे हे डब्यावर छापलेलं असतं, ते वाचूनच अ‍ॅडॅप्टर घ्या. कुणाकडे अस्सल जपानी फॅमिकॉम असेल तर त्याचा अ‍ॅडॅप्टर १०० व्होल्टचा आहे, आपल्या सॉकेटमध्ये तो लगेच जळेल.

आपले बहुतेक डबे पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रं काढणारे. गेम लिहिलाय ६० साठी. त्यामुळे सगळंच, संगीतासकट, सुमारे १७ टक्के संथ चालतं. नवख्याला हे वरदानच आहे. मेडुसाची लाटेसारखी वरखाली येणारी मुंडकी ओळखायला जरा वेळ मिळतो. काही नकली चिपांत आवाजाच्या दोन सेटिंगची अदलाबदल झालेली असते. मग किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा यांचं संगीत तेच राहतं, पण नाकातून आल्यासारखं. पहिल्या स्टेजची चाल तरीही डोक्यातून जात नाही.

टीव्ही जुना, डब्बेवाला हवा. एलईडीवर बटण दाबणं आणि चाबूक फिरणं यात अंतर पडतं, आणि या गेममध्ये तेवढं अंतर म्हणजे एक लाईफ. शिवाय मार खाल्ल्यावर सायमन लुकलुकतो. काही एलईडींवर तो लुकलुकण्याऐवजी दिसेनासाच होतो. एव्हीची पिवळी वायर वापरा. अँटेनावाली जोडणी फक्त नाइलाज म्हणून.

रिमोटवर सगळ्यात जास्त भर द्या, कारण ‘वर’ आणि बी एकत्र दाबलं की चाबकाऐवजी दुय्यम हत्यार सुटतं. दिशेच्या बटणाखालचं रबर झिजलं की डावी-उजवीकडे जातानाही ‘वर’ लागतं, आणि हार्ट भराभर संपतात. इथे हार्ट म्हणजे जीव नव्हे, दारूगोळा. कुऱ्हाड, खंजीर, बूमरँग, पवित्र पाणी यांना दर वेळी एक, शत्रूंना थांबवणाऱ्या घड्याळाला पाच. रिमोट उघडून कार्बनची रबरं बदला. धरून ठेवलं की आपोआप भराभर दाबणाऱ्या टर्बो बटणाचा उपयोग शून्य. चाबकाचा फटका पूर्ण झाल्याशिवाय दुसरा निघतच नाही.

आता गेम. सायमनची उडी एकदा सुटली की हवेत वळत नाही. मार लागला की तो मागे फेकला जातो, आणि मागे बहुधा खड्डा असतो. खाली जाणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी ‘खाली’ दाबून न चालल्यास तो जिना न उतरता थेट कोसळतो. यालाच लोक ‘बटणं ऐकत नाहीत’ म्हणतात. रिमोट धड असेल तर पटतं की नियम कडक आहेत, पण लबाड नाहीत: शत्रू कुठून येणार हे ठरलेलं आणि तुमच्या उडीची लांबीही ठरलेली. हाच या गेमचा खरा आनंद.

१८ स्टेजेस, तीन-तीनचे सहा गट. लाईफच्या १६ काड्या. सुरुवातीला एका फटक्यात दोन जातात, शेवटच्या गटांत चार, म्हणजे चौथ्या माराला खेळ खलास. मेलात की वाढवलेला चाबूक पुन्हा आखूड आणि हातात पाच हार्ट. सगळ्यात जास्त जण अडकतात १५व्या स्टेजच्या बोळात: समोरून कुऱ्हाडी फेकणारे चिलखतवाले, त्यातच मेडुसाची मुंडकी, आणि पुढे विळेवाला मृत्यू. पवित्र पाणी आणि शक्य तर तिहेरी मारा (एका वेळी तीन हत्यारं) आधीच्या स्टेजपासून जपून आणा. पाण्याच्या जाळात चिलखतवाला जागीच थिजतो, तोवर चाबकाने संपवायचा. मृत्यूवरही हेच चालतं. ड्रॅक्युलाच्या पहिल्या रूपात फक्त डोक्याला मारलेलं लागतं. गोळे उडी मारून चुकवा, चाबकानेही फुटतात. दुसऱ्या राक्षसी रूपासाठी हार्ट राखून ठेवा, तिथे पुन्हा पाणीच कामाला येतं.

कॅसेटमध्ये सेव्ह नाही, पासवर्डही नाही. कंटिन्यू हवे तितके, गटाच्या सुरुवातीपासून. लाईट गेली की मात्र सगळं पहिल्यापासून. साधा इन्व्हर्टर पलटताना डबा रिसेट होऊ शकतो, तो यूपीएस मोडवर ठेवा. एवढी यातायात नको असेल तर २०१९ च्या ‘कॅसलव्हेनिया अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’मध्ये हाच गेम आहे, कुठेही सेव्ह होतो. सोपा पडतो, आणि थोडा बेचवही.

तिसऱ्या भागाच्या नादी लागण्याआधी एक तपासा. त्याच्या जपानी कॅसेटमध्ये संगीताचे तीन जादा आवाज काढणारी चिप आहे, आणि ते कॅसेटच्या पिनांतून डब्यात यावे लागतात. स्वस्त डब्यांत त्या पिना जोडलेल्याच नसल्या तर गेम चालेल, पण निम्मं गाणं गायब. डागकाम येणाऱ्या टीव्ही मेकॅनिकला वायर टाकायला लावता येते.